मुलाच्या गणवेशाचं माप आणि आमचे 1,80,000 रुपये

ज्या माणसाने आमचे 1,80,000 मॉरिशियन रुपये नेले, तो पंधरा वर्षं आमच्या गणपतीपुढे ढोलकी वाजवत होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की अनोळखी माणसाला एवढे पैसे दिलेच कसे? तो अनोळखी नव्हता. म्हणूनच दिले.

मी मूळची रत्नागिरीकडची. नवरा मॉरिशसचा, शिष्यवृत्तीवर पुण्याला मराठी शिकायला आला होता. 1999 साली लग्न होऊन मी इथे आले. इथल्या मराठी माणसांचे खापरपणजे एकोणिसाव्या शतकात कोकणातून बोटीने उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले. भाषा बरीच गेली, घरात आता क्रेओल बोलतात. पण गणपती गेला नाही. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते आणि आपली जाखडी इथे झाकरी म्हणून अजून नाचतात. त्या झाकरीत हा माणूस ढोलकीला असायचा. मला वहिनी म्हणायचा. मोडक्या मराठीतून बोलायचा, पण बोलायचा. परक्या देशात आपल्या भाषेतली एक हाक माणसाला किती हळवं करते, हे घर सोडून राहिलेल्यांना सांगायला नको.

क्रेओलमध्ये एक शब्द आहे, 'नू बान'. म्हणजे आपली माणसं. इथलं राजकारण, नोकऱ्या, कंत्राटं, सगळं या शब्दाभोवती फिरतं असं लोक उघड बोलतात. दुसरा शब्द 'बॅकिंग', म्हणजे वशिला. तिसरा 'रोदेर बूत', म्हणजे सत्तेच्या मागेपुढे करून आपल्यासाठी तुकडा शोधणारा. आम्ही घरात बसून या तिन्हींवर तोंडसुख घ्यायचो. आणि वेळ आली तेव्हा मी स्वतः उठून बॅकिंग विकत घ्यायला गेले. ही गोष्ट लपवून हा अनुभव सांगता येणार नाही.

आमचा थोरला 2021 मध्ये एचएससी झाला. गुण बरे होते, फार नाही. दोन वर्षं कधी गोदामात, कधी हॉटेलात असं चाललं होतं. मला पैशाची चिंता कमी होती, गावाच्या नाक्याची जास्त. आमच्या बसथांब्यावर भर दुपारी मुलं उभी असतात, कमरेत वाकलेली, हात लोंबते, डोळे अर्धे मिटलेले. बस येते, जाते, ती तशीच. हे 'सिंतेतिक' म्हणजे रसायनं फवारलेल्या नशेचं काम. त्यातला एक माझ्या मुलाच्या वर्गातला. त्याच्या आईने घरातलं गॅसचं सिलिंडर साखळीने बांधून ठेवलंय, कारण दोनदा त्याने ते विकलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या गळ्यातली साखळी दारातून ओढून नेली, तीही ओळखीच्याच पोराने. अमली पदार्थांच्या व्यापारावर नेमलेल्या चौकशी आयोगाचा जाडजूड अहवाल 2018 मध्ये आला, मोठमोठी नावं गाजली, पण आमच्या थांब्यावरची मुलं काही कमी झाली नाहीत. उलट वाढली. मला एकच दिसत होतं, की पोराला अंगावर सरकारी नोकरीचा गणवेश मिळाला तर तो या नाक्यावरून सुटेल.

2023 च्या गणपतीत, विसर्जन झाल्यावर सगळे हात धुऊन जेवायला बसलेले असताना, ढोलकीवाल्याने माझ्याजवळ विषय काढला. आता मी त्याला 'तो' म्हणते, तेव्हा 'ते' म्हणत होते.

"वहिनी, पोरगा कुठे लागला की नाही?"

मी म्हटलं, अर्ज केलाय, बघू.

"अर्ज सगळेच करतात," ते म्हणाले. "फाईल वर कोण उचलतो ते बघायचं."

त्यांनी ना मंत्र्याचं नाव घेतलं, ना खात्यातल्या कुणाचं. फक्त "माझा माणूस आत आहे" एवढंच. आणि गावातल्या एका मुलाचं उदाहरण दिलं, जो आदल्या वर्षी गणवेशाच्या नोकरीत लागला होता. तो मुलगा खरंच लागला होता, मी त्याला रोज सकाळी बसला जाताना बघत होते. मग आणखी काय पुरावा हवा?

या पुराव्याचं गुपित मला दीड वर्षाने कळलं. तो मुलगा स्वतःच्या हिमतीवर लागला होता. या माणसाने त्याच्या घरून पैसे घेतले होते आणि बाकी काहीच केलं नव्हतं. दहा घरांकडून पैसे घ्यायचे. दहातले एक-दोन आपल्या गुणांनी लागतातच. त्यांचे पैसे खिशात घालायचे, वर त्यांचं नाव पुढच्या दहा घरांत सांगायचं. लागलेलं घर तोंड उघडत नाही, कारण त्यांनाही वाटतं की पैशानेच झालं, आणि ते बोललं तर पोराची नोकरी जाईल. न लागलेलं घर लाजेने गप्प बसतं. असा हा धंदा पुढे चालत राहतो. आपल्याकडेही शिक्षकभरती, पोलीसभरती म्हटलं की अशी माणसं गावोगाव फिरतात, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा.

माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी नाही म्हटलं. ते प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात, रीतसर मुलाखत देऊन लागलेले. "मी एक दमडी दिली नव्हती," ते म्हणाले. मी उलटून म्हटलं, "तो काळ गेला." आणि मग मी त्यांना एकेक गोष्ट मोजून दाखवली. 2015 मध्ये माजी पंतप्रधान नवीन रामगुलाम यांच्या घरच्या तिजोऱ्यांतून 22 कोटींच्या आसपास रोकड निघाली, ती पेट्यांत भरून नेताना अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली. तो पक्षाच्या देणग्यांचा पैसा, असं त्यांचं म्हणणं. 2018 मध्ये राष्ट्रपतींना एका संस्थेच्या क्रेडिट कार्डावर केलेल्या खरेदीच्या वादात पद सोडावं लागलं. 2020 मध्ये वीजनिर्मिती केंद्राच्या कंत्राटात लाच चारल्याचं प्रकरण आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या चौकशीतून बाहेर आलं आणि उपपंतप्रधानांना मंत्रिमंडळातून काढलं.

आणि त्याच वर्षीचं वाकाशियो जहाज. त्याबद्दल मला आजही बोलवत नाही. 25 जुलैला जहाज प्रवाळावर चढून बसलं, तेल गळायला लागलं 6 ऑगस्टला. मधले बारा दिवस सरकार सांगत होतं की सगळं आटोक्यात आहे. मग हजारेक टन तेल समुद्रात आलं तेव्हा लोकच धावले. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात उसाचं पाचट भरलं आणि पाण्यावर बांध घातले. आम्हीही एक रात्रभर पाचट भरलं. सकाळी माझ्या नखांतून काळं जाईना. त्या 29 ऑगस्टला पोर्ट लुईत काळे कपडे घातलेल्या माणसांचा जो लोंढा लोटला, त्यात आम्ही चौघेही होतो. 'चोर चोर' म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडले होते.

तीच मी, तीन वर्षांनी नवऱ्याला सांगत होते की इथे पैशाशिवाय काही होत नाही, मग आपल्याच पोराने का मागे राहावं? त्या माणसाला फार पटवावं लागलंच नाही. बातम्यांनी मला आधीच पटवून ठेवलं होतं. माझा राग खरा होता, आणि त्याच रागाच्या वाटेने तो आत आला.

पहिले 30,000 'कागदांचे'. मग 1,00,000 'वरच्यांचे'. त्यासाठी मी आईने दिलेल्या दोन बांगड्या क्युरपीपला जाऊन मोडल्या. अंदाज यावा म्हणून सांगते: जानेवारी 2024 मध्ये इथलं किमान वेतन महिना 16,500 झालं. म्हणजे साध्या कामगाराची जवळजवळ अकरा महिन्यांची कमाई आम्ही एका माणसाच्या हातात ठेवली. भारतीय रुपयांत हा आकडा आणखी मोठा होतो.

दर वेळी तो एक कागद लिहून द्यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं, 'घराच्या छपरासाठी उसने घेतले'. मी विचारलं, हे असं का? म्हणाला, "वहिनी, नोकरीसाठी असं लिहिलं तर तुम्ही आणि मी दोघं आत जाऊ. हे तुमच्याच भल्यासाठी." मला तेव्हा तो जपणारा माणूस वाटला. त्या एका ओळीने त्याने आमचे हात बांधून टाकले होते, हे फार उशिरा उमगलं.

शेवटचे 50,000 कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण तिथे आमची उरलीसुरली शंका मेली. त्याने मुलाला एका खासगी प्रयोगशाळेत रक्त, लघवी आणि छातीचा एक्स-रे करायला पाठवलं. प्रयोगशाळा खरी, तपासणी खरी, पैसे आम्हीच भरले. आठवड्याने तो शिंप्याची टेप घेऊन घरी आला. ओटीवर मुलाला उभं केलं. मान, खांदे, छाती, कंबर, बाहीची लांबी, सगळं मोजलं आणि वहीच्या पानावर लिहिलं. 7 च्या पोटात आडवी रेघ मारायची त्याची सवय. छाती 97. बुटाचा नंबर 42. "कापड आलंय, पुढच्या महिन्यात बॅच निघेल," म्हणाला. मुलगा हात पसरून उभा होता आणि हसू दाबत होता. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. पानाची एक नक्कल त्याने मला लिहून दिली, 'जपून ठेवा, शिंपी विचारेल'. जाताना त्याने 50,000 नेले.

त्यानंतर कारणं सुरू झाली. साहेब परदेशी गेलेत. यादी सहीला आहे. एक जण आजारी पडला. मग 2024 उजाडलं आणि "निवडणूक तोंडावर आहे, भरती थांबवली" हे असं कारण मिळालं की त्यावर बोलायलाच नको. ऑक्टोबरमध्ये 'मिस्ये मुस्तास' नावाने चोरून टेप केलेली फोनवरची बोलणी बाहेर यायला लागली. राजकारणी, पोलीस, पत्रकार, सगळ्यांचे आवाज. लोक रात्री जेवणं सोडून ती ऐकत होते. 1 नोव्हेंबरला सरकारने निवडणूक होईपर्यंत सोशल मीडियाच बंद करायचा हुकूम काढला आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. तेव्हाच हवा कळली होती. 10 नोव्हेंबरच्या मतदानात मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. 60-0. रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये आधीचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांना काळा पैसा पांढरा केल्याच्या (मनी लाँडरिंगच्या) तपासात अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले आहेत.

निकालानंतर दोनच आठवड्यांनी ढोलकीवाला आमच्या दारात. मला वाटलं, पैसे परत करायला आला.

"वहिनी, जुनी माणसं गेली," तो म्हणाला. "आता नव्यांना द्यावे लागतील. फाईल तयारच आहे, फक्त 60,000."

माझ्या पोटात खड्डा पडला. सरकार बदललं होतं, रस्त्यावर लोक नाचले होते, आणि याच्या लेखी फक्त द्यायचा हात बदलला होता. त्या क्षणी मला पक्कं कळलं की त्याचा माणूस ना तेव्हा आत होता, ना आता आहे. माझा मुलगा आतून बाहेर आला आणि त्याच्या तोंडावर म्हणाला, "आम्हाला नोकरी नको. पैसे आणा." आजवर मोठ्यांशी कधी आवाज चढवून न बोललेला मुलगा.

पोलिसांत जाऊ म्हटल्यावर चार दिवसांत मोबाइलवर 3,000 रुपये परत आले. पुढच्या महिन्यात 2,000. आम्हाला वाटलं, धमकीने काम केलं, हळूहळू मिळतील. मग एका वकीलबाईंना भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, "उसन्याचा कागद आहे ना तुमच्याकडे? आणि तो थोडे थोडे फेडतोय?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, म्हणजे उद्या तो सांगेल की हे साधं कर्ज आहे, मी फेडतोय, यात फसवणूक कुठली? तो कागद आणि ती तुटपुंजी परतफेड, दोन्ही त्याची ढाल होती. म्हणून ज्यांच्याकडे असे हप्ते येताहेत त्यांनी ते आले म्हणून गप्प बसू नये. तारखा लिहा, त्याचे निरोप पुसू नका, फोनवर आवाजात पाठवलेले असतील तर तेही जपा. आमचं प्रकरण उभं राहिलं ते त्याच्या एका आवाजी निरोपावर, ज्यात तो स्वतः 'बॅच' आणि 'मेडिकल' म्हणतोय.

दुसरी भीती जास्त मोठी होती. लाच देणाराही कायद्याने गुन्हेगार. नवऱ्याची सरकारी नोकरी. वकीलबाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, धोका आहे, पण उसने दिले अशी खोटी फिर्याद दिलीत तर तोच वाचेल आणि तुम्ही दुसऱ्यांदा खोटं बोलाल. दोन रात्री आम्ही झोपलो नाही. शेवटी नवराच म्हणाले, "खरं ते सांगून टाकू. मी मुलांना वर्गात काय शिकवतो?"

इथे भ्रष्टाचाराच्या तक्रारी मार्च 2024 पासून फायनान्शियल क्राइम्स कमिशनकडे जाऊ लागल्या, आधी त्यासाठी आयकॅक ही भ्रष्टाचारविरोधी संस्था होती. आम्ही आधी गावच्या ठाण्यात 'देक्लारास्यों' म्हणजे जबाब दिला, कारण मुळात हे स्विंडलिंग, म्हणजे फसवणूक होती, आतला माणूस कुणी नव्हताच. हवालदाराने विचारलं, "पैसे कशासाठी दिले?" मी म्हटलं, "मुलाला नोकरी लावायला." तो लिहायचा थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मग लिहिलं. ते वाक्य मी सही करण्याआधी स्वतः वाचून घेतलं.

आज एवढीच स्थिती आहे: त्याला पकडलं, तो जामिनावर सुटला, तारखा चालू आहेत. मिळालेले 5,000 सोडले तर पैसे गेले. समाजातल्या काहींनी आमच्याशी बोलणं टाकलं. 'आपल्याच माणसाला कोर्टात ओढलं' म्हणून यंदा दोन घरची माणसं आमच्याकडे आरतीला आली नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं. पण 'आपला माणूस' हा शब्द पहिल्यांदा कुणी मोडला, हे त्यांनीही बघावं. मुलगा आता एका वातानुकूलन दुरुस्तीवाल्याकडे काम शिकतोय. पुढच्या भरतीची जाहिरात नोकरभरती आयोगाच्या संकेतस्थळावर आली की स्वतः अर्ज करणार म्हणतो.

ठाण्यात दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा बाकावर एक बाई बसल्या होत्या. तमिळ कुटुंबातल्या असाव्यात, कपाळावर विभूती होती. मला वाटत होतं की या माणसाने फक्त मराठी घरंच गाठली, ढोलकीच्या जोरावर. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, तो आमच्या कावडीच्या सणाला पाण्याचे पिंप वाहायला यायचा. हवालदाराने आत बोलावलं. मी पिशवीतून मापाचं पान काढलं, छाती 97, बूट 42. त्या बाई त्या पानाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पर्समधून घडी घातलेलं एक पान काढून माझ्या पानाशेजारी ठेवलं. तीच निळी शाई, 7 च्या पोटात तीच आडवी रेघ. बूट 37. त्यांच्या मुलीचं.

हवालदाराने दोन्ही पानं एकत्र टाचली आणि विचारलं, "आणखी कोणी आहे?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं आणि नावं सांगायला लागलो.